सांध्यात साचलेला समुद्र

रेडिओ यंत्रणेतला जवळजवळ प्रत्येक भाग पेटीत बसतो. अँटेना तेवढी उघड्यावर राहते, कारण उंची आणि मोकळे आकाश हेच तिचे भांडवल. आकाशवाणीचा मनोरा असो, मच्छीमार बोटीच्या केबिनवरची पांढरी काठी असो की गच्चीच्या कठड्याला जखडलेली डीटीएचची थाळी, आडोशाला जाण्याची सोय कोणालाच नाही. त्यातही कोकणपट्टीवरच्या अँटेनांची परीक्षा फार कडक. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारे वारे आणि बाराही महिने धुतलेला कपडा धड वाळू न देणारी हवा.

किनाऱ्यावरच्या गावात कौलांवरून नजर फिरवली तर दूरदर्शनच्या काळातल्या अँटेना अजून अधूनमधून दिसतात. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतरच्या काळात माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या या अँटेना घराघरांवर चढल्या. मूळ रचना जपानमधली, हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ साली मांडलेली. अशी एखादी जुनी अँटेना खाली उतरवून हातात घेतली, तर ॲल्युमिनियमच्या नळ्या राखाडी आणि खरखरीत झालेल्या असतात, त्यांवर जागोजागी पांढऱ्या पुटकुळ्या असतात, तरी वाकवायला जोर लावावा लागतो. मध्यावरची काळी प्लास्टिकची डबी मात्र बोटाच्या दाबानेच फुटते. तिच्या आतल्या दोन स्क्रूंच्या जागी तपकिरी-हिरवा गोळा उरलेला असतो. केबलची तांब्याची तार त्या गोळ्यापर्यंत येते आणि तिथेच संपते. दांडी धडधाकट, सांधा गेलेला. बाहेरच्या अँटेनांचे दुखणे बहुतेक वेळा हेच असते, आणि ते खालून, अंगणात उभे राहून कधीच दिसत नाही.

कातडीतून वाहणारा प्रवाह

उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या गाभ्यातून वाहत नाही, कातडीतून वाहतो. तांब्याच्या तारेत १ मेगाहर्ट्झला ही कातडी सुमारे ६६ मायक्रॉन जाड असते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. १०० मेगाहर्ट्झला, एफएम रेडिओच्या पट्ट्यात, ती ६.६ मायक्रॉनवर येते. हे कळल्यावर पहिली भीती अशी वाटते की पृष्ठभागावर जरा काही चढले की अँटेना कामातून गेली. तसे होत नाही. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. तो वीज वाहून नेत नाही, पण रेडिओ लहरींना अडवतही नाही. प्रवाह त्याच्याखालच्या स्वच्छ धातूतून सुखाने वाहतो आणि पापुद्रा त्या धातूचे रक्षण करतो.

तांब्याचेही तसेच. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांब्याची आम्लाशी किंवा मिठाशी गाठ पडली की ते हिरवे पडते. समुद्राकाठी टांगलेली जाड तांब्याची तार आधी चॉकलेटी, मग काळपट आणि पुढे हिरवट होते. तिच्यावरचे जंगाल घासून काढण्याची काहीच गरज नसते. अखंड तार हिरवी झाली तरी पूर्वीइतकीच चालते.

तार अखंड नसेल तेव्हा चित्र पालटते. बारीक पेडांच्या तारेत प्रवाहाला पेडावरून पेडावर उड्या मारत जावे लागते, आणि प्रत्येक पेडाभोवती जंगाल चढले की प्रत्येक उडी महाग पडते. दुर्बिणीसारख्या एकात एक सरकवलेल्या नळ्यांमध्येही प्रवाहाला एका नळीतून दुसरीत शिरायचे असते. जो ऑक्साइड उघड्या पृष्ठभागावर राखणदार होता, तोच दोन नळ्यांच्या मध्ये आला की भिंत होतो.

ही भिंत किती महाग पडते हे अँटेनेवर अवलंबून असते. अर्ध-लहर द्विध्रुवाचा, म्हणजे डायपोलचा, मध्यावरचा रोध सुमारे ७३ ओम. तिथल्या सांध्यात गंजामुळे १० ओमची भर पडली तर पाठवलेल्या शक्तीचा साधारण आठवा हिस्सा सांधा तापवण्यात जातो. ऐकणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. पण गाडीवर लावलेल्या आखूड काठीचा, लहरीच्या मानाने फारच बुटकी असल्यामुळे, प्रारण-रोध एखादाच ओम असू शकतो. तिथे तेच १० ओम नव्वद टक्क्यांहून अधिक शक्ती गिळतात. म्हणून एकाच्या अँटेनेला दहा वर्षे काही होत नाही आणि दुसऱ्याची दोन पावसाळ्यांत मुकी होते. धातू तोच, हवा तीच, सांध्याचे मोल वेगळे.

मीठ पाणी धरून ठेवते

लोखंडाला गंजायला पाऊस लागत नाही. धातूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरला तरी पुरते, आणि तो पापुद्रा मीठ धरते. साध्या मिठाचे कण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की आपणहून पाणी ओढून विरघळू लागतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरते. पावसाळ्यात डब्यातल्या जाड्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. म्हणजे समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने एकदा मिठाची धूळ धातूवर बसवली, की कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही धातू ओला राहतो.

त्यामुळे कोकणात एक उलटा हिशेब दिसतो. जुलैचा मुसळधार पाऊस अँटेनेला धुऊन काढतो. खरी झीज होते पाऊस थांबल्यानंतर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, जेव्हा मीठ बसत राहते, रात्रीचे दव ते भिजवते आणि धुऊन काढणारे कोणी नसते. मनोऱ्याच्या कोनपट्टीची वरची बाजू बरी आणि खालची, पावसाचा थेंब न पोचणारी बाजू खपल्या धरलेली, असे यामुळेच होते. क्लॅम्पच्या आतली बाजू, नटाखालची फट, नळीचे उघडे तोंड या सगळ्या न धुतल्या जाणाऱ्या जागा. तपासणी करणाऱ्याने नजर तिथे नेली पाहिजे.

मिठाचा मारा किनाऱ्यापासून आत गेल्यावर झपाट्याने कमी होतो. गंजाच्या दृष्टीने हवेचे वर्ग पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम हवेत जस्ताची वार्षिक झीज ०.७ ते २.१ मायक्रॉन धरली आहे, तर अतिसंक्षारक किनारी हवेत ती ४.२ ते ८.४ मायक्रॉन. मनोऱ्याच्या जाड पोलादावर गरम जस्तात बुडवून चढवलेला थर सरासरी ८५ मायक्रॉनचा असतो. भागाकार करून पाहिला तर कळते की आतल्या गावात चाळीस वर्षे किंवा त्याहून जास्त टिकणारे जस्त समुद्राला लागून असलेल्या टेकडीवर दहा-वीस वर्षांत संपते. मग तांबडा गंज सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यासारखे रक्षण तो करत नाही. तो सच्छिद्र, भुसभुशीत असतो, पाणी धरतो, आणि मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. बोल्टवर नट असा घट्ट बसतो की पाना लावल्यावर नट फिरण्याऐवजी बोल्टच तुटतो, ते या फुगण्यामुळे.

जस्त, ॲल्युमिनियम, तांबे

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून खारट पाण्याचा थेंब बसला, की तिथे लहानसा विद्युतघट तयार होतो. समुद्राच्या पाण्यातल्या धातूंच्या क्रमात जस्त आणि ॲल्युमिनियम एका टोकाला, तांबे आणि स्टेनलेस पोलाद दुसऱ्या टोकाकडे. पहिल्या टोकाचा धातू विरघळतो आणि दुसऱ्या टोकाचा वाचतो. लोखंडावर जस्त चढवण्यामागे हेच तत्त्व आहे. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून त्याला काही काळ सांभाळते.

अँटेनेवर मात्र हे नाते बहुधा चुकून जुळते. ॲल्युमिनियमच्या नळीला तांब्याची तार थेट स्क्रूखाली दाबली की नळीच्या त्याच जागी पांढरी भुकटी सुटू लागते. तारेवरून ओघळणाऱ्या पाण्यात विरघळलेले तांबेसुद्धा खालच्या ॲल्युमिनियमवर पडून खड्डे पाडते, म्हणून तांबे वर आणि ॲल्युमिनियम खाली अशी मांडणी वाईटच. दोघांमध्ये स्टेनलेसचा वॉशर किंवा कल्हई केलेले टोक ठेवले की झीज बरीच आवरते.

यात आकारमानाचा भाग मोठा आहे आणि तो अनेकदा लक्षात घेतला जात नाही. ॲल्युमिनियमच्या मोठ्या नळीत स्टेनलेसचा लहान बोल्ट चालतो, कारण झिजणारा धातू भरपूर आणि झिजवणारा थोडा. उलट स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत ॲल्युमिनियमचा लहान रिव्हेट ठोकला तर सगळी झीज त्या एका रिव्हेटवर येते आणि तो एखाद्या वर्षात पावडर होतो.

स्टेनलेस नावाप्रमाणे डागरहित राहतेच असेही नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या बोल्टांवर समुद्राकाठी चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढतो. फटीत, जिथे प्राणवायू कमी पोचतो आणि क्लोराइड साचते, तिथे त्याला खोल खड्डे पडतात. ३१६ प्रतीत सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असते आणि किनाऱ्यावर ती बरीच जास्त टिकते. किमतीतला फरक दोन बोल्टांपुरता फारसा नसतो. शिडी, माणूस आणि दिवस पुन्हा खर्ची घालण्यापेक्षा तो केव्हाही स्वस्त.

केबलच्या पोटात

अँटेना आणि यंत्र यांना जोडणारी समाक्ष केबल बाहेरून काळी, गुळगुळीत, निर्धोक दिसते. आत मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथिलीनचा पांढरा गाभा, त्यावर बारीक तारांची वीण आणि सर्वांवर आवरण. पाणी या रचनेत वरच्या टोकातून शिरते. कनेक्टरच्या आट्यांमधून, टेपच्या सुटलेल्या कडेतून, कावळ्याच्या चोचीने पडलेल्या भोकातून ते विणीपर्यंत पोचले की दिव्यात वात तेल ओढते तशी वीण त्याला ओढून घेते. पाणी मीटरामागून मीटर खाली उतरते.

त्याचा परिणाम दुहेरी. पॉलिथिलीनचा परावैद्युतांक २.२५ च्या आसपास, पाण्याचा सुमारे ८०. दोन्ही मिसळले की केबलचे ठरलेले गुणधर्म बिघडतात. आणि वीण काळी पडते. चांगल्या केबलची वीण सोलली तर तांबूस-चकचकीत किंवा कल्हईची रुपेरी दिसते. पाणी प्यालेल्या केबलची वीण काळी-हिरवी, चुरगळणारी, बोटाला डाग देणारी. अशा विणीवर मीटर लावला तर तो 'सलग आहे' म्हणूनच सांगतो, कारण एक पेड शाबूत असला तरी त्याला पुरते. रेडिओच्या प्रवाहाला मात्र शेकडो काळवंडलेल्या पेडांमधून वाट काढायची असते.

सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. प्रक्षेपकाला जोडलेले एसडब्ल्यूआर मीटर अँटेनेकडून परत येणारी शक्ती मोजते. केबल सडली की जाताना शक्ती घटते आणि परत येतानाही घटते. एकेरी प्रवासात ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती खाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकाला अँटेनाच नसली, तरी खालचे मीटर ३ च्या वर जात नाही. घट त्याहून जास्त झाली तर काटा आणखी खाली येतो. केबल जितकी वाईट तितका काटा चांगला. 'यंदा काटा आपोआप सुधारला' अशी नोंद वहीत दिसली, तर आनंद न मानता केबल उतरवणे हेच शहाणपणाचे.

डीटीएचच्या केबलची एक वेगळी अडचण आहे. थाळीच्या तोंडाशी बसलेल्या भागाला चालवण्यासाठी याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा एकदिश दाब वर पाठवला जातो, आणि मधली तार धन असते. कनेक्टरमध्ये ओलावा शिरला की तिथे विद्युतविलेपनाची क्रिया उलट्या दिशेने सुरू होते. मधल्या तारेवरचे तांबे विरघळते आणि आतला पोलादी गाभा उघडा पडून गंजतो. साध्या अँटेनेच्या केबलला जे व्हायला वर्षे लागतात ते इथे एका पावसाळ्यात होऊ शकते. चित्र अडकू लागले की लोक थाळी हलवून पाहतात. दोष पुष्कळदा थाळीमागच्या त्या इंचभर कनेक्टरमध्ये असतो.

गंज बोलू लागतो

गंज सिग्नल खातो हे समजण्यासारखे आहे. तो नवे सिग्नल निर्माण करतो, हे ऐकून मात्र नवल वाटते. दोन धातूंच्या मध्ये ऑक्साइडचा पातळ थर अडकला की तो सांधा प्रवाहाला दोन्ही दिशांनी सारखी वाट देत नाही. तो अर्धवाहकासारखा वागतो. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकवून रेडिओ लहरी ओळखणारे साधन बनवले होते, आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. गंजलेला बोल्ट हे अनिच्छेने घडलेले तसेच साधन.

अशा बोल्टावर दोन जोरकस लहरी एकाच वेळी पडल्या तर तो त्यांची बेरीज-वजाबाकी करून नव्या वारंवारता बाहेर टाकतो. ९३.५ आणि ९८.३ मेगाहर्ट्झच्या दोन लहरींपासून ८८.७ आणि १०३.१ वर आवाज उमटू शकतो, जिथे त्या ठिकाणचे कोणतेही केंद्र बोलत नसते. दोष अँटेनेतच असायला हवा असेही नाही. शेजारचा पत्रा, पन्हळीचा सांधा, कुंपणाची तार, गच्चीची गंजलेली शिडी यांतले काहीही हे करू शकते. मोबाइलच्या मनोऱ्यांवर एकाच अँटेनेतून जोरात पाठवायचे आणि अतिक्षीण लहरी ऐकायच्याही असतात. तिथे एखाद्या कनेक्टरमधला धातूचा कीस किंवा क्लॅम्पचा गंजसुद्धा मोबाइलधारकांचे आवाज बुडवतो. म्हणून तिथले कनेक्टर ठरलेल्या जोराने, मोजणी करणाऱ्या पान्यानेच आवळतात.

बोटींवर हाच त्रास कर्रर्र आवाजाने येतो. डोलकाठीच्या ताणतारांची गंजलेली कडी बोट हेलकावली की घासते आणि प्रत्येक घासणीला कर्ण्यातून खरखर येते. किनाऱ्यावरच्या विजेच्या खांबांचेही तेच. महिनोन्‌महिने मीठ बसलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर पावसाची पहिली भुरभुर पडली की पृष्ठभागावरून ठिणग्या सरकू लागतात, आणि आसपासच्या घरांत मध्यम लहरींवरचा कार्यक्रम खरखरीत बुडतो. जोराची सर येऊन गेली की इन्सुलेटर धुतला जातो आणि रेडिओ पुन्हा स्वच्छ बोलतो.

ऊन, वारा आणि पाखरे

प्लास्टिक गंजत नाही, पण उन्हाने पिकते. केबलचे आवरण काळे असते ते रंगाच्या आवडीने नव्हे. पॉलिथिलीनमध्ये दोन-अडीच टक्के काजळी मिसळली की ती अतिनील किरण शोषते आणि आवरण वर्षानुवर्षे तडकत नाही. घरातली पांढरी केबल बाहेर वापरली की काही वर्षांत ती बोटाने चुरते. तिला बांधणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्याआधीच तुटलेल्या असतात आणि केबल वाऱ्यावर आपटत असते.

मच्छीमार बोटींवर सागरी व्हीएचएफची अँटेना फायबरग्लासच्या काठीत असते. १६ वी वाहिनी, १५६.८ मेगाहर्ट्झ, ही साऱ्या समुद्राची हाक ऐकण्याची वाहिनी. या लहरीची लांबी सुमारे १.९ मीटर, त्यामुळे काठी हाताळण्याजोगी. नवी काठी गुळगुळीत असते. उन्हाने तिच्यावरची राळ झडली की काचेचे तंतू उघडे पडतात. हात फिरवला तर तळहाताला कुसळे टोचावीत तशी खाज सुटते. ती खाज म्हणजे सूचनाच. तंतूंच्या मधून पाणी आत शिरू लागलेले असते आणि आतल्या तांब्याचे दिवस भरत आलेले असतात.

वारा वादळाचाच असावा लागत नाही. मंद, एकसारख्या वाऱ्यात बारीक नळीच्या मागे भोवरे सुटतात आणि नळी गुणगुणत थरथरते. लाखो थरथरींनंतर जिथे छिद्र पाडलेले असते तिथेच ती तुटते, आणि मीठ लागलेल्या धातूला ही थकवा-चीर लवकर पडते. नळीत दोरीचा तुकडा सोडून ठेवणे हा हौशी रेडिओवाल्यांचा जुना उपाय आहे. दोरी आत घासत राहते आणि थरथर जिरते.

पाखरांचा उपद्रव केवळ वजनाचा नाही. विष्ठा कुजली की अमोनिया सुटतो, आणि ताणाखाली असलेले पितळ अमोनियाने तडकते. याची कहाणी हिंदुस्थानातलीच आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की आपोआप चिरत. कारण होते घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि त्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. दाबून बसवलेल्या पितळी कनेक्टरला, दमट हवेत, कावळ्यांच्या बैठकीखाली नेमकी तीच परिस्थिती मिळते.

पायथा, ताण आणि माती

मनोरा पडतो तो बहुधा पट्टीच्या मधोमध मोडून नव्हे. ताणतारेची कडी, बोल्टची जागा, जमिनीत गाडलेला नांगर यांपैकी काहीतरी आधी सुटते. ताणतार बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते. गंज पिळाच्या आत धरतो आणि बाहेरची जस्ताची चमक शिल्लक असतानाच आतल्या तारा तुटत जातात. जमिनीखालच्या नांगराची सळई तर कोणी पाहतच नाही. पृष्ठभागापासून हातभर खाली, जिथे ओल आणि हवा दोन्ही पोचतात, तिथे ती सर्वांत बारीक होते. पोकळ पाईपच्या मनोऱ्यात वरून शिरलेले पाणी तळाशी साचते आणि पाईप आतून सडतो. तळाला पाणी निघायला भोक ठेवले नसेल, तर बाहेरचा रंग कितीही ताजा असला तरी तो फसवा.

ताणतारांमध्ये बसवलेला अंड्याच्या आकाराचा चिनीमातीचा इन्सुलेटर ही जुन्या कारागिरांची फार सुरेख योजना. दोन्ही बाजूंच्या तारांचे फास एकमेकांतून ओवलेले असतात. माती फुटली तरी फास एकमेकांत अडकून राहतात आणि मनोरा उभा राहतो.

मध्यम लहरींच्या केंद्रात अर्धी अँटेना जमिनीखालीच असते. मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा, आदर्श मांडणीत सुमारे १२०, पुरलेल्या असतात, आणि परतीचा प्रवाह त्यांतून येतो. खाजणाची ओलसर खारी जमीन रेडिओला उत्तम, कारण ती वीज चांगली वाहते. तांब्याला तीच वाईट, कारण चिखलातले क्लोराइड आणि सल्फाइड त्याला खातात. मनोरा दिसायला ठणठणीत आणि प्रक्षेपण वर्षागणिक क्षीण, असे झाले तर कुदळ घेऊन तारा उकरून पाहाव्या लागतात.

वीज पडण्यापासून बचावासाठी केलेल्या अर्थिंगमध्येही असाच झगडा आहे. आपल्याकडे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपभोवती मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी रीत आहे. मिठाने मातीचा रोध खाली येतो हे खरे, आणि त्याच मिठाने पाईप गंजतो हेही खरे. असे अर्थिंग करून विसरून जाता येत नाही. त्याचा रोध दरवर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी माती सर्वांत कोरडी असताना, मोजला पाहिजे.

खोडद आणि अरेसिबो

सह्याद्रीच्या पूर्वेला, नारायणगावाजवळच्या खोडदला, अँटेना उघड्यावर टिकवण्याचा प्रश्न मुळातच वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला दिसतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांतल्या १४ मधल्या भागात दाटीने आणि उरलेल्या तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या. थाळ्यांना पत्रा नाही. स्टेनलेस पोलादाच्या दोरांवर ताणलेली, ०.५५ मिलीमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी आहे. मध्याकडे १० मिलीमीटरची, कडेला २० मिलीमीटरची घरे. मीटरभर लांबीच्या लहरींना ही जाळी आरशासारखी वाटते आणि वारा तिच्यातून निघून जातो. वाऱ्याचा जोर कमी म्हणून सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून खर्च आवाक्यात. पण इतक्या बारीक तारेला साधे जस्त चढवलेले लोखंड चालले नसते. तारेच्या जाडीच्या मानाने झीज फार मोठी ठरली असती. स्टेनलेसची निवड, आणि तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या जोडून टाकणे, यांत दुर्बिणीचे दीर्घायुष्य आहे.

सांधा किती भारी पडू शकतो याचे उदाहरण पोर्तो रिकोतल्या अरेसिबोचे. १९६३ साली सुरू झालेल्या ३०५ मीटरच्या त्या दुर्बिणीवर सुमारे ९०० टनांचा मंच पोलादी दोरांनी टांगला होता. १० ऑगस्ट २०२० रोजी एक दोर तुटला नाही, तर आपल्या खोबणीतून निसटला. ज्या जस्ताच्या ओतीव गोळ्याने तो खोबणीत धरला होता, ते जस्त भाराखाली हळूहळू सरकत गेले होते, आणि दोर थोडा बाहेर आल्याचे आधीपासून दिसत होते. ६ नोव्हेंबरला मुख्य दोर तुटला आणि १ डिसेंबरला मंच थाळीवर कोसळला. इथे मुख्य दोष गंजाचा नव्हता, जोडणीचा होता. पण डोळ्यांना दिसणारे सरकणे मोजून त्यावर वेळेत हालचाल होणे, ही गरज गंजाच्या बाबतीतही तीच.

आगोट

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात, आणि इंजिनापासून जाळ्यांपर्यंत सगळ्याची डागडुजी होते. अँटेनेची तपासणी याच काळात होणे योग्य, आणि घरच्या-गच्चीवरच्या अँटेनांची त्याच्या जरा आधी, आगोटीच्या बेगमीबरोबर. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा बऱ्याच भागात कोलमडली होती. अशा दिवशी उपयोगी पडायची ती अँटेना मेमध्येच तपासलेली असावी लागते.

कामाचा क्रम वरून खाली. प्रत्येक सांधा उघडायचा, धातू चमकेपर्यंत घासायचा, ॲल्युमिनियमच्या नळ्यांमध्ये जस्ताची पूड मिसळलेले ग्रीस लावायचे आणि पुन्हा आवळायचे. कनेक्टरवर आधी स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, वरून साधी काळी टेप. शेवटचा वेढा खालून वर न्यायचा, म्हणजे प्रत्येक वेढा कौलासारखा खालच्यावर चढतो आणि पाणी ओघळून जाते; वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक कड पाण्याला झेलते. सिलिकॉन वापरायचेच तर वास घेऊन पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ज्या तांब्याला वाचवायचे त्यालाच हिरवे करते. बिनवासाचे, उदासीन प्रकारचे मिळते तेच घ्यावे.

जोडणीची डबी पूर्ण हवाबंद करण्याचा मोह टाळावा. दुपारी आतली हवा तापून बाहेर जाते, संध्याकाळच्या सरीने डबी एकदम गार होते आणि मिळेल त्या फटीतून ओली हवा आत ओढते. शिरलेले पाणी मग बाहेर पडत नाही. तळाला पेन्सिलीच्या टोकाएवढे भोक असले की ते गळून जाते. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, घरात येत नाही.

पावसाळा नसतानाच्या महिन्यांत मधूनमधून गोड्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. बोट बंदरात आली की इंजिन धुतात, जाळी धुतात. केबिनवरच्या काठीवर आणि तिच्या बुडच्या सांध्यावर एक बादली ओतायला मिनिट लागत नाही. आणि केबल नवी असतानाच तिची घट मोजून तारखेसह लिहून ठेवावी. दुसऱ्या वर्षी तोच आकडा पुन्हा घेऊन ताडला की पोटात पाणी शिरले आहे का, हे केबल न सोलता कळते.